गालाला लावलेला बैल

गंजगोलाईच्या बाजारात बैल आले. रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री अंथरून तिच्यावर रांगेनं उभे केलेले. पांढरेशुभ्र, चकचकीत, सगळ्यांची मान एकाच बाजूला वळलेली, कारण सगळे एकाच साच्यातून निघालेले. मी कामावरून परत येत होते. लातूरच्या एका क्लासच्या नोट्समधल्या चुका काढणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करायची आणि संध्याकाळी खोलीवर जायचं. ताडपत्रीपाशी थांबले, तशी विकणारी बाई म्हणाली, "घ्या ताई, प्लास्टरचे हायत. पडले तरी फुटत न्हाईत."

एरवी मी तिथंच भांडले असते. तिच्याशी नाही, तिचा काय दोष. पण घरी जाऊन रात्रीतून पत्रक लिहिलं असतं. पोळ्यानंतर जो बैल तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, त्याच्याबद्दल. साच्यानं ज्यांचं काम काढून घेतलं, त्या हातांबद्दल. मथळा तर रस्त्यातच सुचला असता. यंदा सुचला नाही. मी बैलांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, "नको" म्हणाले आणि चालू लागले. गेल्या वर्षीच्या आषाढापासून माझं हे असं चाललंय. दुखत काही नाही. पाय मुडपून बसल्यावर पायाचं जे होतं, तसं काहीतरी. आपलाच असतो, पण टेकवला तर जमीन लागत नाही.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चाकूरला शिलाईचं दुकान होतं. कापड बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला गिऱ्हाइकांची कापडं आणि दुसऱ्या टोकाला नांदेडच्या छापखान्यातून आलेले गठ्ठे. हमालांच्या मजुरीवर, टँकरच्या पाण्यावर, दवाखान्यात नसलेल्या औषधांवर. जे खुपलं त्यावर अण्णा लिहायचे आणि जे लिहिलं ते स्वतः वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. 'नळ' मला नंतर आला, आधी 'निषेध' आला. माझ्या वह्यांची कव्हरंसुद्धा 'बंधू-भगिनींनो'नं सुरू व्हायची. वर्गातल्या मुली हसायच्या, मला मात्र ते फार भारी वाटायचं. माझ्या वह्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

दुकानात पंखा एकच, तोही डोक्यावर. तो लावला की पत्रकं उडायची आणि बंद केला की गिऱ्हाइकं उठायची. म्हणून दर पोळ्याला अण्णा मागच्या गल्लीतून मातीच्या बैलांची एक जोडी आणायचे. गठ्ठ्यांवर एक इकडं, एक तिकडं. पूजा नाही, नैवेद्य नाही. अण्णा कुठल्याच देवाला हात जोडत नसत. बैल घडवणारी सोनामावशी ह्यावरून त्यांना सोडायची नाही. गल्लीतून जाता जाता दुकानाच्या पायरीवर उभी राहायची आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "मास्तर देवाला मानत न्हाई, माझ्या बैलाला मानतोय. म्हंजी माझा बैल देवापरीस जड झाला का न्हाई?"

अण्णा तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, "जड कुठंय? मागच्या साली पंख्यानं बैलासकट कागद गेला."

तेव्हापासून ती अण्णांची जोडी वेगळी घडवायची. बाकीचे बैल पोटात पोकळ, अण्णांचे भरीव. हातात घेतले की मनगट खाली जायचं.

गेल्या वर्षी आषाढात अण्णा गेले. नांदेडच्या दवाखान्यात. त्या दिवसांतलं मला नीट आठवतं ते एवढंच, की कुणीतरी अर्धापूरहून केळ्यांचा अख्खा घड आणला होता. खाटेखाली ठेवलेला. आधी हिरवा, मग पिवळा, मग त्यावर काळे ठिपके. वासानं नर्स कुरकुरली. आम्ही अण्णांना घेऊन निघालो तेव्हा घड तिथंच राहिला. गाडीत मला अण्णांची आठवण येत नव्हती, त्या केळ्यांची येत होती. कुणी खाल्ली असतील का, एवढंच.

चाकूरच्या चौकात अण्णांचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण वगैरे, बाजूला पाच जणांचे हसरे फोटो. अण्णांनी उभ्या आयुष्यात फ्लेक्सविरुद्ध किती पत्रकं काढली असतील! मी त्याखालून गेले. चिडायला हवं होतं, हे कळत होतं. अण्णांचे सोबती म्हणाले, "मुक्ता, मास्तरांवर तूच लिही. चार ओळी. छापायचं आमच्यावर." मी हो म्हणाले. कागद घेऊन बसले. कागद कोरा राहिला आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

दुकान आवरायला म्हणून सुट्टीच्या दिवशी मी चाकूरला जायची. श्रावण होता. बसच्या खिडकीतून सोयाबीन दिसायचं, ओलं हिरवं, संपतच नाही असं. दुकान उघडायची, पाच मिनिटं बसायची आणि मागच्या गल्लीत सोनामावशीच्या अंगणात जायची. तिथं कुणी "कसं गं झालं" असं विचारत नव्हतं. मावशी मान वर न करता म्हणायची, "आलीस? ती घमेली सरकव हिकडं." तिची सून संगीता चहाचा कप पुढं करायची. बस्स. मातीला तिथं एक वास असायचा. तळ्यातला गाळ, राख, लीद असं सगळं मळलेलं. वास घाण नाही, छानही नाही. मला तो पुरेसा होता.

श्रावणात बैल घडवणं हे खरं तर उलटं काम. पोळा श्रावणाच्या अमावस्येला आणि ऊन त्याच महिन्यात रुसलेलं. माती वाळायला वारा लागतो, आणि वाऱ्यात भुरभुर. सगळं अंगण बैलांनी भरलेलं असायचं. कुणाची शिंगं लावायची राहिलेली, कुणाचं वशिंड अजून ओलं. पावसाचा पहिला थेंब पडला की संगीता पाट उचलून आत धावायची आणि थांबला की पुन्हा बाहेर. दिवसातून किती वेळा, कोण मोजणार. तिचा नवरा पुण्याला कंपनीत. तो फोनवर रोज एकच म्हणायचा, आईला घेऊन इकडं या, बंद करा ते. संगीताला जायचं होतं का नव्हतं, मला आजही माहीत नाही. ती पाट उचलत राहायची.

पहिला आवा मी गेले त्या दिवशी उघडला. आवा म्हणजे गोवऱ्या आणि पाचटात बैल रचून वरून मातीचा लेप दिलेला ढीग. त्याला पेटवून आतल्या आत भाजू द्यायचं. फुटल्याचा आवाज मोठा नसतो, संगीतानं नंतर सांगितलं. आत बसून कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा फोडतंय असा असतो. रात्रभर त्या दोघी तो ऐकत पडल्या होत्या आणि एकमेकींना जाग आहे हे कळू दिलं नव्हतं. सकाळी राख बाजूला केली, तर पायच पाय. शिंगं, शेपट्या, अर्धी तोंडं. मातीत ओल राहिली की आगीत तिची वाफ होते आणि ती बैलाला आतून फोडून बाहेर निघते. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. सोनामावशीचा आवा फुटतो, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मावशी राखेत बसून तुकडे उचलत होती. "हा वाळल्याला हुता," म्हणत होती. "मी सोता हात लावून बघितला. ह्यो बी." एक बैल मधोमध उकललेला, त्याचा लाल तुकडा हातात धरून ती बोलतच राहिली. मला काहीतरी जळल्याचा वास आला. संगीता ओरडली, "आत्याबाई, टाका ते! हात भाजायलाय तुमचा!"

"कुठं भाजायलाय?" मावशी म्हणाली.

तुकडा आतून अजून निखारा होता. संगीतानं झटक्यात तो पाडला. मावशीच्या दोन बोटांची कातडी पांढरी पडून वर आलेली. मावशीनं ती बोटं उन्हाकडे धरून पाहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

मग तिनं सांगितलं. शुगरनं बोटं मेली होती. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी टोकं, मग पेरं. बैल घडत होते, कारण घडवायला डोळे आणि सवय पुरते. वाळलाय का हे बघायला मात्र बोटच लागतं. ओल्या मातीला हात लावला की गार लागतं, वाळलेल्याला लागत नाही. "मला कशालाच गार लागंना," ती म्हणाली. "मला वाटलं, औंदा वारं चांगलं हाय. भरभर वाळायलेत. बधिर बोटाला समदी माती वाळल्यालीच लागती गं."

संगीता हळद घेऊन आली. मावशीनं हात पुढं केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "आणिक एकच आवा लावू. अमुशाच्या आदी निघंल. त्यो बी फुटला तर चाक भिताडाला लावून ठिवते आन् चलते तुझ्यासंगं पुण्याला. त्याला सांग फोनवर."

संगीतानं फोन केला नाही.

माल लातूरला नेणारे रशीदभाई दुपारी टेम्पो घेऊन आले. राखेचा ढीग बघितला. मग डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "मावशी, बुरा मत मानो. पर मला गोलाईत कायतरी न्यावंच लागतंय. प्लास्टरचे भरू का मग?"

"भर की," मावशी म्हणाली. "आन् पोळ्याला तेच्याच म्होरं गवात टाक. न्हाई खाल्लं तर मला सांगाय ये."

"तुम्हारे कौनसे खाते हैं मावशी?"

"माझे रुसतेत तरी."

रशीदभाई हसले, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. प्लास्टरचे त्यांनी त्या आठवड्यात भरले नाहीत. सोयाबीनच्या औषधांची भाडी मारली. हे त्यांनी सांगितलं नाही, टेम्पोच्या वासावरून कळलं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दोघी अंगणात बसून बैल गालाला लावत होत्या.

लांबून पाहिलं तर वाटावं, मुके घेताहेत. एक उचलायचा, पोटाकडची बाजू गालावर टेकवायची, डोळे मिटून थोडं थांबायचं. गार लागला तर डाव्या पाटावर, नाही लागला तर उजव्या. "बघ, म्हातारपणी माझी काय गत," मावशी म्हणाली. "गाल लावायचा शिकाऊ पोरीनं. मी लगीन होऊन आले तवा लावायचे. सासूनं मोडली माजी ती सवय. म्हणाली, कुंभारणीच्या बोटाला कळाया पायजे. आता असती तर हासून हासून मेली असती."

मग एक बैल माझ्यापुढं धरला. "धर. माजं मला खरं वाटंना गेलंय. मी वाळला म्हणायले, तू बघ."

मी लावला. काही लागलं नाही. "वाळलाय," म्हणाले. दुसरा. वाळलाय. तिसरा, चौथा. सगळे वाळलेले. उजवा पाट भरत चालला. मावशी हात थांबवून माझ्याकडे बघत होती.

"समदेच वाळल्याले?"

"हो."

ती उठली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि काही कळायच्या आत तिनं आपला गाल माझ्या गालाला लावला. तिचा गाल खरखरीत, ऊबदार. चुलीच्या धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास. ती तशीच थांबली, बैलाला लावून थांबायची तेवढा वेळ. आषाढापासून कितीतरी बायका माझ्या गळ्यात पडल्या होत्या, रडल्या होत्या. त्यातलं मला काहीच लागलं नव्हतं. हिनं तर फक्त तपासलं.

"गार दगुड हायस की गं," ती म्हणाली. "यष्टीच्या खिडकीत बसून आलीस न्हवं? गार गालाला गार कसं कळंल? ऊठ. चुलीपशी बस जरा."

चूल आत होती. संगीतानं दोन काटक्या सरकवल्या. मी तोंड पुढं करून बसले. बाहेर मावशीनं मी उजवीकडे ठेवलेले सगळे बैल परत मधे आणले. चुलीपुढं बसून माझ्या गालाला आधी झिणझिण्या आल्या, मग ऊब, मग चटका. मी जरा मागं सरकले. खूप दिवसांनी मी एखाद्या गोष्टीपासून मागं सरकत होते.

पुन्हा बसलो. आता बैल बोलू लागले, म्हणजे वेगवेगळे लागू लागले. हा कोरडा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. हा किंचित दमट. मावशी लावून माझ्याकडे द्यायची, मी लावून पाटावर ठेवायची. तिचं आणि माझं जुळत होतं. मग एक बैल आला, तो हातात घेताना मनगट खाली गेलं. मावशीनं तो उजव्या बाजूचा म्हणून दिला होता. मी गालाला लावला.

गार. आत कुठंतरी विहीर असावी तसा गार. वरची माती पांढरट, कोरडी, आणि तिच्या मागून ती ओल हळूहळू माझ्या गालात येत होती. मी तो काढलाच नाही लवकर.

"हा ओला आहे," मी म्हणाले.

मावशीनं परत घेतला, पुन्हा लावला. मग संगीताकडे दिला. संगीता डोळे मिटून म्हणाली, "हाव. पोटात ओल हाय. आत्याबाई, ह्यानं पुन्हा आख्खा आवा नेला असता."

मला कळलं होतं कुणाची जोडी ती. भरीव बैल त्या अंगणात एकाच माणसासाठी घडायचे, आणि तो माणूस नाही हे माहीत असून तिनं घडवले होते. मावशीनं दुसराही शोधून काढला. जोडी मोडत नाहीत. एक राहिला तर दुसरा आव्यात जात नाही.

"मास्तराची जोडी औंदा पोळ्याला न्हाई," ती म्हणाली. "बळंच भाजाया गेलं तर फुटंल. सावलीत ऱ्हाऊ दे. नवरात्राचे घट भाजताना बघू." आणि दोन्ही बैल आत फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवले.

तो आवा टिकला. टिकला म्हणजे चार-दोन शिंगं गेली, एवढंच. त्या सकाळी मावशी राख स्वतः काढत नव्हती, संगीताला काढू देत होती. पहिला बैल अख्खा निघाला. त्यावर संगीतानं बोटाची टिचकी मारली. टण्ण. मावशी "हं" म्हणाली. दुसरा निघाला. टण्ण. दहा-बारा निघेपर्यंत ती "हं, हं" एवढंच म्हणत होती. मग म्हणाली, "चहा टाक गं कुणीतरी." संगीतानं आधी नवऱ्याला फोन लावला. "न्हाई येत आमी," एवढंच बोलली आणि ठेवला. आवाजात आनंद होता की नव्हता, मी कान देऊन ऐकलं, तरी कळलं नाही. दुपारी रशीदभाई आले आणि रंग पुरता वाळला नसताना बैल भरून घेऊन गेले. त्यांच्या शर्टावर पिवळं शिंग उमटलं.

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सगळं होतं. एका बाईची बोटं जातात आणि तिच्या धंद्याला विमा नाही, रजा नाही, तळ्याचा गाळ आणायला आता परवानगी लागते, प्लास्टरला काहीच लागत नाही. हे सगळं मला दिसत होतं आणि आजही दिसतं. ते मी लिहीन. पण त्या दिवशी मी फक्त गाल धुतला नाही. मातीचा पांढरा डाग घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरनं दोनदा बघितलं.

नवरात्रात जोडी आली. कोरी. त्या गल्लीत ज्या घरचं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, त्या घरी रंगवलेला बैल देत नाहीत. नुसता भाजलेला देतात, विटकरी, डोळेसुद्धा नसलेला. तेव्हापासून ते दोघं माझ्या खोलीत, टेबलावर, अण्णांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर उभे होते. पंखा लावला की कागदांच्या कडा फडफडायच्या, उडायच्या नाहीत. त्यांच्या पायांखालचा, अण्णांवर लिहायचा कागद कोराच.

आणि आता पुन्हा श्रावण. ताडपत्रीपासून खोलीवर आले तेवढ्यात संगीताचा फोन. "ताई, जोडी घेऊन या म्हणायल्यात आत्याबाई. वरीस झालं. रंगवायची."

अण्णांच्या दुकानातल्या एका कापडाच्या तुकड्यात गुंडाळून मी बैल मांडीवर घेतले आणि बसमध्ये बसले. खिडकी लावून घेतली. सोयाबीन तसंच होतं.

अंगणात आता संगीता घडवते. तिचे बैल मावशीच्या बैलांपेक्षा थोडे बुटके, मावशी त्यांना "कंपनीचे" म्हणते. मावशी पाटापाशी बसून गाल लावते. दिवसभर तेवढंच. गल्लीतल्या दुसऱ्या घरच्या बायकाही आव्याआधी आपले बैल तिच्याकडे घेऊन येतात. गालावर एक पांढरा डाग कायमचा बसल्यासारखा दिसतो. तिनं माझ्याकडून एक बैल घेतला आणि सवयीनं उचलला, पण स्वतःच्या गालाला नाही, माझ्या गालाला लावला.

"गार हाय?"

"आहे."

"असनारच. भाजल्यावर बी गारच लागतोय त्यो. फकस्त फुटत न्हाई." मग संगीताकडे वळून, "शिंगं पिवळी कर. झूल लाल. मास्तराला दुसरा रंग कवा आवडला हुता?"

संगीतानं शिंगं केली, झूल केली, खूर काळे केले. डोळे शेवटी काढतात. तिनं ब्रश माझ्याकडे दिला. मी श्वास धरून एक टिंब ठेवलं. ते खाली घसरलं. दुसरं नीट करायला गेले, ते भलतंच वर.

"वाकडे झाले," मी म्हणाले.

मावशीनं बैल हातभर लांब धरला. बोटांना त्याचं वजन कळत नव्हतं, म्हणून दोन्ही तळव्यांत घट्ट धरून.

"वाकडे असू दे," ती म्हणाली. "बघतोय न्हवं?"